अंगावरचं आणि वरचं

माय,

मंगळवारी घरात आलेल्या वस्तू अशा: कानामागं लावायच्या मशिनी दोन, भिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या. त्यांच्या बारक्या सेलची पाकिटं दोन. मळ काढायचा ब्रश एक. ओल धरू नये म्हणून झाकणाची डबी एक, तिच्यात पांढऱ्या गोळ्यांची पुडी. सगळं मिळून साडेबत्तीस हजार, पैसे तुझ्या नातीनं भरले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्यात तं म्हैस आली असती व बाई." आता येत नाही माय, फार तर वगार येते. पण तुझं म्हणणं खोटं नाही. वगार निदान पुढे दूध देते.

मशीन माझ्या कानांच्या काळजीनं आली असंही नाही. तुझी नात इथेच वाशीमला शाळेत शिकवते. तिची बाळंतपणाची रजा संपली आणि तिच्या लेकीला दिवसभर माझ्याजवळ ठेवायचं ठरलं. ती सकाळी निघण्याआधी अंगावरचं दूध काढून बाटल्यांत भरते, प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिते आणि मला सगळं दोनदा म्हणून दाखवायला लावते. मला अलीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या, दारावरची बेल कळत नव्हती. मग तिनं साफ सांगितलं, "आई, आधी कानाची मशीन, मग बाळ. आजीसारखा घोटाळा मला परत नको." हसत सांगितलं. जावईबापूही हसले. मी पण हसले, आणि देवासमोरचं निरांजन उगाच पुसत बसले. तो घोटाळा तू केलेला नव्हतास हे या घरात मला एकटीला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

तुझे कान जिनिंगनं नेले. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं सकाळपासून धडधडत असायची आणि तू त्यांच्यापाशी रुई उचलायचीस. बाबा गेल्यावर किती हंगाम गेले असे? शिरपूरच्या आपल्या घरी संध्याकाळी परत यायचीस तेव्हा डोक्यावर, भुवयांवर पांढरा कापूस. मी लहानपणी म्हणायची, "माय, तू म्हातारी झाली." तू माझ्या तोंडाकडे बघायचीस आणि हसायचीस. तू नेहमी तोंडाकडेच बघायचीस. मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे म्हणून बघतेस.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी शिरपूरला आले होते. त्याच साली दवाखान्याच्या लोकांचं ते काम गावात सुरू झालं. बाळांना काय पाजतात, त्यानं वजन कसं वाढतं, याचा अभ्यास. एक ताई दर बुधवारी बसनं यायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत झोळीचा काटा. तुळईच्या कडीला काटा अडकवून त्या पोरीला झोळीत टांगायच्या आणि तू खाली पदर पसरून उभी राहायचीस, पडली तर झेलायला. ताई म्हणायच्या, "आजीबाई, नाही पडत." तू तरी पदर आवरायची नाहीस. त्यांनी मला एक वही दिली होती. रोजच्या पानावर चित्रं होती, आई, वाटी, बाटली, पाण्याचा गडू. दिवसभरात बाळाला जे दिलं त्या चित्राखाली खूण करायची. सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबही नाही, असं त्यांचं सांगणं होतं. एकदा माझ्या दंडातून रक्तही नेलं. म्हणाल्या, दुधाचा आणि अंगातल्या हार्मोनचा काय संबंध असतो तेही बघायचं आहे. आणि म्हणाल्या, "दूध कमी पडत असेल तर कमी लिहा. वरचं दिलं तर वरचं लिहा. आम्हाला खरं हवं आहे, चांगलं नको." हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. तेव्हा कळले मात्र नव्हते.

मला कळलं होतं ते एवढंच की गावातल्या बाळंतिणींत मी एकटी मॅट्रिक. ताई माझी वही इतर बायकांना दाखवायच्या, "बघा, कशी स्वच्छ वही. एक खाडाखोड नाही." मी त्या स्तुतीवर जगत होते माय. आणि दूध मला पुरेसं येतच नव्हतं. पोरगी ओढायची, दमायची, रडायची. तुला तिचं रडणं ऐकू येत नसेल, पण तिचं तोंड दिसायचं. तू एकदा भाकरी थापता थापता थांबून म्हणालीस, "पोरगी उपाशी राह्यते. ताईले सांग."

मी म्हटलं, "सांगतो."

"सांगतो नोको म्हनू. सांग. त्या बाईपाशी काई ना काई इलाज असंन. लाज कायची त्याच्यात?"

मी नाही सांगितलं. तू जिनिंगला गेलीस की मी शेजारच्या काकूकडून गाईचं पावशेर दूध आणायची. त्यात तेवढंच हापशीचं पाणी घालायची, म्हणजे दोन दिवस जाईल. रॉकेल वाचावं म्हणून पाणी उकळायची नाही. सकाळी वाटीत उरलेलं संध्याकाळी पाजायची. दूध टाकणं पाप, असं तूच शिकवलेलं. मी ते पाप केलं नाही. वाटी आणि चमचा फडताळात पोथीच्या मागं ठेवायची, कारण तिथे तू आंघोळीशिवाय हात लावत नव्हतीस. आणि वहीत रोज आईच्या चित्राखाली खूण. माझ्या घरखर्चाच्या वह्या आजवर कोणी तपासल्या तरी चार आण्यांची तफावत निघायची नाही. ती एक वही मात्र मी पानापानांवर खोटी लिहिली, आणि अक्षर सुंदर काढलं.

मग पोरीला जुलाब लागले. सोमवारी लागले, बुधवारी सकाळी तिचे डोळे आत गेले होते. तू त्या दिवशी जिनिंगमधून दुपारीच परत आलीस, मुकादमाला सांगून. ताईही त्याच वेळी आल्या. झोळी टांगली, काटा बघितला आणि वही मागितली. पानं उलटली. सगळीकडे आई, आई, आई. त्यांनी घरभर नजर फिरवली. मी घाईत वाटी पोथीमागं नीट लपवली नव्हती. तिच्या काठावर दुधाची पिवळी कड वाळलेली.

"हे काय आहे? कोण पाजतंय वरचं?"

तू दारात उभी आहेस. केसांत रुई. माझ्या तोंडाकडे बघते आहेस. आणि मी तुझ्याशी वऱ्हाडी बोलणारी, ताईंशी मात्र पुस्तकासारखं बोलायची सवय असलेली, त्या शुद्ध भाषेतच बोलते, "आईनं पाजलं, ताई. तिला कमी ऐकू येतं. तुम्ही अंगावरचंच पाजा म्हणालात, तिनं वरचंच पाजा ऐकलं."

किती चटकन सुचलं ते. जणू कधीचं जिभेवर तयार ठेवलं होतं.

ताईंनी कपाळाला हात लावला. मग तुझ्याजवळ येऊन, कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "आजी, अंगावरचं! अंगावरचं म्हटलं होतं! वरचं नाही! पोर हातची गेली असती!" तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, मग झोळीतल्या पोरीकडे बघितलंस. होकाराची मान हलवून म्हणालीस, "हाव बाई. हाव." बस, एवढंच. ताईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं की आजीच्या ऐकण्यातल्या चुकीमुळे वरचं दूध दिलं गेलं. त्याखाली तुझा अंगठा हवा होता. शाईची डबी त्यांच्या पिशवीतून मी काढली. तुझा अंगठा मी धरला. बोटाला चिकटलेला रुईचा तंतू शाईत भिजला आणि ठशाबरोबर कागदावर उमटला, बारीक केसासारखा.  

पोरगी वाचली. जीपनं वाशीमला नेली, दोन दिवस सलाईन, तिसऱ्या दिवशी हसायला लागली. देवाची कृपा. मी नवस फेडला, अकरा नारळ वाहिले. नारळ वाहताना मला वाटलं, हिशेब मिटला.

पण गोष्ट दवाखान्यातून आपल्या आधी गावात पोचली होती. "अंगावरचं" आणि "वरचं", गल्लीला एक विनोद मिळाला. सहा महिने पूर्ण झाल्यावर सासरी उष्टावण केलं, तेव्हा तू शिरपूरहून बसनं आलीस. पदराच्या गाठीत चांदीची वाटी. जिनिंगच्या मजुरीतून तू ती कधी घडवलीस, मी विचारलंही नाही. तू वाटी पुढं केलीस, खिरीकडे हात नेलास, तेवढ्यात माझ्या सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, वाटी ठेवा, चमचा राहू द्या! तुमचं वरचं-खालचं आम्हाला माहीत आहे!" सगळी बैठक हसली. तू सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलंस आणि मग, थोडी उशिरा, तू पण हसलीस. हात मागं घेतलास.

त्यानंतर तू माझ्या लेकराच्या तोंडात विचारल्याशिवाय कधी काही घातलं नाहीस. गुळाचा खडा असो, भाकरीचा मऊ पापुद्रा असो, आधी माझ्याकडे बघायचीस, "देऊ काय?" मी मान हलवायची, मग द्यायचीस. पोरगी मोठी झाली, शाळेत जायला लागली, तरी तेच. एकदा तिनं तुला म्हटलं, "आजी, दे नं, काहून विचारतं?" तू म्हणालीस, "तुह्या मायले इचारलेलं बरं." तेव्हा मी चुलीवरची भाजी हलवत होते. करपली नव्हती, तरी हलवत होते.

तुला एक मशीन हवी होती. आपल्या इकडच्या मालेगावच्या बसस्टँडवर कोणा पेन्शनर मास्तरच्या खिशात डबी बघितली होतीस, वायर कानात गेलेली. "मले तसं भेटीन काय व?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. पैसे नव्हते हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की तुला ऐकू यायला लागलं तर लोक तुझ्या पाठीमागं काय म्हणून हसतात ते ऐकू येईल, आणि ते कोणी सुरू केलं ते तू मला विचारशील. तू बहिरी होतीस तोवर मी सुरक्षित होते. शेवटच्या आजारात तू डोळे मिटून पडली होतीस तेव्हा मी तुझ्या कानाशी सगळं सांगितलं होतं. पण हळू सांगितलं, माय. तुला हळू सांगणं म्हणजे न सांगणंच. ते मला तेव्हाही माहीत होतं.

आता दवाखान्यातलं सांगते. कान तपासणारी पोरगी जेमतेम पंचविशीची. काचेच्या खोलीत बसवून तिनं कानांत आवाज सोडले. मग समोर बसून शब्द म्हणाली, मी सगळे बरोबर सांगितले. मग तिनं तोंडासमोर कागद धरला आणि पुन्हा म्हणाली. मला अर्धेही सांगता आले नाहीत. मी चिडले, "कागदामागून कोण बोलतं का?" ती हसली. "काकू, तुम्ही इतकी वर्षं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकत होता. ओठ वाचत होता. तुम्हालाच माहीत नव्हतं." मग तिनं कागदावर उतरती रेघ दाखवली. जाडे आवाज राहतात, बारीक आवाज आधी जातात, स, श, फ असे. मी विचारलं, यंत्रांच्या धडधडाटात राहिलेल्या माणसाचे? ती म्हणाली, सगळ्यांचे कान सारखे नसतात, पण बहुतेक त्यांचंही असंच, बारीक आधी जातं.

"मग अशा माणसाला 'अंगावरचं'चं 'वरचं' ऐकू येईल काय?"

तिनं दोन्ही शब्द पुटपुटून बघितले. "अवघड आहे. 'अंगा' जाडा आवाज आहे काकू, तो सहसा जात नाही. आणि समोर बघत असेल तर नाहीच. का हो?"

"काही नाही. सहज."

म्हणजे मी रचलेली चूक तुझ्या कानांनी बहुतेक केलीच नसती. ज्या विनोदावर इतकी वर्षं लोक हसले, तो विनोदसुद्धा खोटा होता. आणि तू त्या दुपारी माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली. कमी निघालं, आता रोज अनशापोटी एक गोळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणात दूध कमी होतं का तुम्हाला? कधी कधी तेव्हापासूनच असतं. तेव्हा कोणी रक्त तपासलं होतं?" मी म्हटलं, घेतलं होतं. "मग काय निघालं?"  ताईंनी रक्त नेलं होतं ते त्यासाठीच, आणि माझी वही तर सांगत होती की दूध भरपूर आहे. वहीवर विश्वास ठेवून त्यांनी माझ्या रक्ताकडे पुन्हा बघितलं नसेल. कदाचित माझ्या खुणा धरून दुसऱ्या कोणा बाईलाही सांगितलं असेल, बघा, त्यांना पुरतं, तुम्हाला का नाही पुरत? दुधाचा दोष आता माझ्या अंगावरून उतरेल, गोळीच्या नावावर जाईल. खोट्यासाठी गोळी नाही.

काल मी सांगायचं ठरवलं. सकाळी पोथीचा अध्याय वाचला, मशिनी कानामागं लावल्या. तुझी नात शाळेतून आली, हातपाय धुऊन ओट्याशी उभी राहिली. बाळ माझ्या कडेवर. आडून आडून बोललं तर पुन्हा पळवाट सापडेल म्हणून मी एकदम म्हणाले, "ऐक. वरचं दूध मी पाजलं होतं."

तिच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. "काय? कधी? कोणतं? आई, किती पाजलं?" बाळ तिनं माझ्या हातातून ओढून घेतलं, त्याच्या तोंडाचा वास घेतला, फ्रिज उघडून बाटल्या मोजायला लागली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ताईंनी काटा बघितला तेव्हा माझा पडला असेल तसा. मी घाबरले माय. म्हणाले, "नाही नाही, आज नाही, मी काहीच नाही पाजलं, मी दुसरंच सांगत होते." बाटल्या बरोबर भरल्या. ती खाली बसली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आई गं! मशीन लावून पण? अगदी आजी झालीस बघ!" मी म्हणायला हवं होतं, मी आजी झाले नाही, तेवढी माझी लायकी नाही. मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

येत्या गुरुवारी बाळाचं उष्टावण आहे. तुझी वाटी काढून दातांच्या पावडरीनं घासून ठेवली आहे, लख्ख निघाली. तुझी नात म्हणते, वाटी आजीची, पहिला घास तू भरव. आत्ता ती आतल्या खोलीत फोनवर एकेकाला बोलावणं करते आहे, आणि प्रत्येकाला तुझी ती गोष्ट सांगते आहे. पहिल्या दोन फोनला मी ऐकली. मग मशिनी काढून डबीत ठेवल्या आणि हे लिहायला बसले. पोरीनं साडेबत्तीस हजार दिले मला ऐकू यावं म्हणून, आणि मी झाकण लावून बसले आहे, हे कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

मला एकच कळत नाही. त्या दुपारी तू माझे ओठ वाचून, सगळं समजून "हाव" म्हणालीस? की बहिरी माणसं म्हणतात तसं नुसतंच म्हणालीस? मीही कितीदा तसं म्हटलं आहे. आणि काय कबूल केलंस ते पुढं लोकांच्या हसण्यातून कळलं? समजून म्हणाली असशील तर माझं तोंड तुला दाखवायची सोय नाही. नसशील, तर तू आयुष्यभर आपल्या हातालाच का भ्यालीस, तेही माझ्याच माथी. यातलं काय असावं असं मागू, देवासमोर बसूनही ठरत नाही.

गुरुवारच्या आत तुझ्या नातीला सांगायला हवं. या वेळी "वरचं" हा शब्द काढणार नाही. पोथीमागच्या वाटीपासून सुरुवात करीन. जमेल की नाही ते आत्ता लिहून देत नाही, मी लिहून दिलेलं कसं असतं ते तू बघितलं आहेस. पण समजा जमलं, आणि तरीही तिनं चमचा माझ्याच हातात दिला, तर? तू दर वेळी मला विचारायचीस आणि मी नुसती मान हलवायची. या वेळी मी विचारते आहे, मशिनी लावून बसते, तू हळू बोललीस तरी चालेल.

देऊ काय, माय? तेवढं उलट टपाली कळव.